मासळीच्या धुवणातून प्रथिनं: नवापूरच्या शेडवरच्या नोंदी

माझा धंदा पाण्याचा. नंदुरबारला मोटारींचं वाइंडिंग करतो, आरओ बसवतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. बी.एस्सी.ची केमिस्ट्री डोक्यात थोडी शिल्लक आहे. उकाई धरणाच्या फुगवट्याकाठी एका बचत गटाची मासे कापायची शेड आहे. तिथलं धुवण साफ करायला म्हणून गेलो आणि चार महिने अडकलो. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे पैसे कुठे बुडाले ते आधी वाचा.

५ मार्च २०२४

धरण गुजरातेत, पण त्याचं पाणी आपल्या नवापूर तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन टेकतं. शेडवर आठ बाया. रोज अंदाजे अडीचशे किलो माल: रोहू, कटला आणि पिंजऱ्यातली चिलापी. सकाळी सहाला कापाकापी सुरू, दहापर्यंत माल बर्फात घालून टेम्पोत.

पाणी बोअरचं. मीटर नव्हता, म्हणून टाकीवर खुणा करून मोजलं. दिवसाला १,४०० लिटर. सगळं एकाच चरातून मागच्या नाल्यात. शेजारच्या शेतकऱ्याने दोनदा येऊन सांगितलंय की दुपारी बांधावर उभं राहवत नाही. तो खोटं बोलत नाही, मी उभा राहून पाहिलं.

शेडच्या ताईंचा प्रश्न सरळ होता. "भाऊ, एवढं लाल पाणी रोज जातं. त्यात काहीतरी असेलच ना?" असतं. माशाच्या मांसातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं, रक्त, चरबी. कोकणातल्या सुरिमीच्या (धुतलेल्या मासळीच्या लगद्याच्या) कारखान्यांत खिमा थंड पाण्याने दोन-तीन वेळा धुतात, तेव्हा हीच विरघळणारी प्रथिनं पाण्याबरोबर जातात. आमच्याकडे खिमा नाही, पण रक्त आणि पोटातला ऐवज भरपूर.

शंभर मिली पाणी स्टीलच्या ताटलीत आटवून सोनाराच्या काट्यावर वजन केलं. बोअरचे क्षार वजा जाता लिटरला जेमतेम दोन ग्रॅम. हा आकडा तेव्हा मला बरा वाटला होता.

८ मार्च

आरओवाला माणूस, त्यामुळे पहिला हात मेम्ब्रेनकडे गेला. दुकानात जुनं यूएफचं, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या अतिबारीक गाळणीचं, नळकांडं पडून होतं. मोठ्या कारखान्यांत अल्ट्राफिल्ट्रेशन याच कामासाठी वापरतात, मग आपण का नाही?

पंचवीस मिनिटांत चोक. उलट धुतलं, पुन्हा लावलं, अकरा मिनिटांत चोक. आत चरबीचा पिवळट थर. नळकांडं भंगारात. फुकटचं होतं म्हणून रडलो नाही. आधी चरबी आणि तुकडे काढल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, आणि काढल्यावरही रोज कॉस्टिक सोड्याने धुवायची तयारी असेल तरच जा.

१४ मार्च

काचेच्या बाटलीत धुवण घेऊन तुरटी फिरवली. दहा मिनिटांत खाली साका, वर जवळजवळ स्वच्छ पाणी. बाया खूश. मी रात्रभर विचार करून सकाळी नको म्हटलं. हा साका कोंबड्यांच्या खाद्यात घालायचा आहे, आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम खाद्यातला फॉस्फरस धरून ठेवतं. फेरिक क्लोराइडचंही तेच दुखणं. नुसतं पाणी साफ करायचं असेल तर तुरटी झकास. खायला घालायचं असेल तर विसरा.

१८ मार्च

आज कामाची गोष्ट सापडली. आठ बाटल्या ओळीने, प्रत्येकीत एक लिटर ताजं धुवण. पहिली तशीच ठेवली, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) ७.१. पुढच्यांत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून ६.५, ६, ५.५, ५, ४.५, ४ आणि ३ केले.

६ पर्यंत काही नाही. ५.५ ला पाणी गढूळ झालं आणि बारीक कण दिसू लागले. ५ आणि ४.५ ला दूध फाटल्यासारखं झालं. करड्या-गुलाबी गाठी आणि त्यांच्यामध्ये फिकट पिवळं पाणी. ४ ला गाठी होत्या पण बारीक. ३ ला पुन्हा गढूळ, गाठी नाहीतच.

मासळीच्या बहुतेक प्रथिनांवरचा विद्युतभार पाचच्या आसपास संपतो. मग ती एकमेकांना ढकलत नाहीत, चिकटतात. आणखी ॲसिड घातलं की उलटा भार चढतो आणि ती परत विरघळतात. हे लक्षात ठेवा, पुढच्या नोंदीत मीच विसरलोय.

एका लिटरला दहापट पातळ केलेलं ॲसिड सुमारे ११ मिली लागलं. माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. बोअरचं पाणी तपासलं तर अल्कलिनिटी (ॲसिड खाऊन टाकणाऱ्या क्षारांचं माप) ३८०. म्हणजे निम्म्याहून जास्त ॲसिड मासळीसाठी नाही, आपल्या जड पाण्यासाठीच जातंय. खानदेशातल्या काळ्या खडकातलं पाणी, दुसरं काय होणार.

आजपासून शेडवरचे शब्द ठरले: पाणी 'फाटलं' की नाही, आणि गाठींचा जमतो तो 'चक्का'.

२२ मार्च

दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात पहिला मोठा घाणा. हिशेबाने २२० मिली ॲसिड, पातळ न केलेलं. पीएचचा मीटर हळू उतरत होता म्हणून मी घालत गेलो, ३०० मिली झालं. मीटर ५.६ वर अडकलेला, पाणी काही फाटेना. मग शंका आली म्हणून पीएचच्या पट्टीचा कागद बुडवला. तीनच्या खाली!

मीटरच्या टोकाच्या इलेक्ट्रोडवर चरबीचा पातळ पडदा बसला होता. साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं, ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या पाण्यात) लावून पाहिलं, तेव्हा खरा आकडा दिसला: २.८. चुन्याची निवळी घालून वर आणायला गेलो तर चक्का आला, पण चिखलासारखा, कापडातून गळेचना. अर्धा दिवस गेला. इलेक्ट्रोड त्या दिवसापासून कुरकुर करत होतं, शेवटी नवं घेतलं, १,१०० रुपये.

आता नियम असा: ॲसिड नेहमी पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. एका बाईने हलवायचं, एकाने ओतायचं. शेवटचे पन्नास मिली पाच मिनिटं थांबून थांबून. दर दोन वाचनांमागे इलेक्ट्रोड पुसायचं. आणि शंका आली की कागद.

उद्यापासून होळी. आमच्या जिल्ह्यात होळी म्हणजे एका रात्रीचं काम नाही. आठवडाभर शेड बंद.

३ एप्रिल

फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली निमुळती होणारी टाकी करून आणली, तळाला व्हॉल्व्ह. कल्पना अशी की चक्का खाली बसेल, व्हॉल्व्ह उघडून काढून घ्यायचा. २,८०० रुपये.

चक्का वर आला.

सगळा नाही, अर्धा. उरलेला मधेच लोंबकळत. व्हॉल्व्ह उघडला तर आधी पिवळं पाणी, मग चक्का, मग पुन्हा पाणी. दोन दिवस कारण कळेना. तिसऱ्या दिवशी कान टाकीजवळ नेला तर सोड्याच्या बाटलीसारखी बारीक सळसळ. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे बुडबुडे गाठींना चिकटून त्यांना वर नेतात, त्यात चरबी हलकी. मोठ्या कारखान्यांत दाबाखाली हवा विरघळवून, मग दाब सोडून मुद्दाम असे बुडबुडे करतात आणि त्यासाठी लाखोंची यंत्रं बसवतात. आमच्या बोअरने ते फुकट दिलं होतं आणि मी तळाला व्हॉल्व्ह लावून बसलो होतो.

टाकी आता पावसाचं पाणी साठवायला. साध्या ड्रमावर आलो. जोरात ढवळायचं नाही, बुडबुडे सुटून जातात. ॲसिड घालून हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मग झाऱ्याने वरून चक्का काढायचा, भजी काढतो तसा. खाली राहिलेलं पाणी तळातून नळीने सोडायचं, शेवटचे वीस लिटर कापडातून गाळायचे.

११ एप्रिल

तापवलं की प्रथिनं अंड्यासारखी घट्ट होतात, मग ॲसिडची गरजच काय, असं शेडवरच्या एका मावशींचं म्हणणं. करून पाहिलं. दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम तीन दगडांवर. सत्तरच्या पुढे पाणी फाटलं आणि छान फाटलं. पण बारा-तेरा किलो लाकूड आणि पावणेदोन तास. तेवढ्या जळणात गावजेवण होईल.

तरी मावशींचं अर्धं म्हणणं खरं ठरलं. आता आधी ॲसिडने फाडतो आणि फक्त काढलेला चक्का तापवतो. दहा-पंधरा किलो चक्क्याला दीड-दोन किलो लाकूड पुरतं. तापवलेला चक्का कापडात पिळला जातो, कच्चा पिळला जात नाही, नुसता कापडाला माखतो.

याच आठवड्यात कुणीतरी फाटलेलं पाणी पत्र्याच्या बादलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बादलीचा आतला पत्रा खडबडीत, जस्त उतरलेलं. तो चक्का फेकला. ॲसिडजवळ प्लास्टिकच, जस्ताचा पत्रा नाही.

१६ एप्रिल

सकाळी वीज गेली, टेम्पो उशिरा, सगळे घाईत. धुवण ड्रमात तसंच राहिलं. मी दुपारी तीनला पोचलो. शेडमध्ये बेचाळीस अंश.

पीएच ७.१ ऐवजी ७.६. ॲसिड जास्त लागलं. चक्का रोजच्या निम्माही नाही, आणि खालचं पाणी ताकासारखं गढूळ. मोरचूद आणि कॉस्टिक घालून पाहिलं तर त्या पाण्याला गडद जांभळा रंग आला. म्हणजे प्रथिनं पाण्यातच होती, पण तुकडे होऊन. पोटातल्या रसांनी आणि जंतूंनी सहा तासांत त्यांचे बारीक तुकडे पाडले होते, आणि असे तुकडे पाचला फाटत नाहीत. वर अमोनिया तयार होऊन पीएच चढला.

एकदा तुकडे झाले की काही इलाज नाही. धुवण निघाल्यापासून तासाभरात ॲसिड पडलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात. मी नसलो तरी काम व्हावं म्हणून दोघींना मीटर शिकवला. त्यातली एक आता माझ्यापेक्षा बरी वाचते, कारण ती घाई करत नाही.

२२ ते ३० एप्रिल

सुरुवातीचे काही दिवस मी ड्रमाला हातच लावला नाही. मासे कापायच्या पाटाजवळ स्टूल टाकून बसलो आणि नुसतं पाहिलं. हे मार्चमध्येच करायला हवं होतं.

काय दिसलं? मासा पाटावर येतो, पोट फाडलं जातं आणि लगेच पाइपचं पाणी सुरू. पोटातलं सगळं पाण्याने ढकलून चरात. खवले पाण्याने. पाट पाण्याने. जमीन पाण्याने. रक्त, आतडी, खवले, वाळू, सगळं एकाच चरात १,४०० लिटरमध्ये. आणि मी दुसऱ्या टोकाला बसून तेच परत बाहेर काढायला ॲसिड ओततोय. आधी साखर पाण्यात विरघळवायची आणि मग पाणी आटवत बसायचं, तशातली गत.

बदल केले ते असे. पहिला, पाइप काढून टाकला. पहिल्या दिवशी बायांनी मला बोल लावले. "पाण्याशिवाय मासा साफ होतो का कुठे?" म्हटलं, चार दिवस बघू. प्रत्येक पाटाशी एक टब. पोट फाडलं की आतलं हाताने आधी टबात, मग पाणी.

दुसरा, मासा आल्या आल्या गिल (कल्ले) कापून बर्फाच्या पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं. रक्त तिथेच उतरतं. मांसही पांढरं दिसतं, हे टेम्पोवाल्याने आपणहून सांगितलं. आम्ही त्यासाठी केलं नव्हतं.

तिसरा, दोन धुण्या वेगळ्या. पहिली धुणी, म्हणजे रक्ताचा टब आणि पोटाची पहिली विसळणी, वेगळ्या ड्रमात. दुसरी धुणी आणि जमिनीचं पाणी वेगळ्या वाटेने.

चौथा, चराच्या तोंडाशी दोन स्टीलच्या जाळ्या. आधी मोठ्या छिद्रांची, मागे बारीक, एक मिलिमीटरची. दोन्ही मिळून १,४५० रुपये. बारीक जाळी खवल्यांनी दर वीस मिनिटांनी तुंबायची. ती तिरकी लावली तेव्हा खवले आपोआप खाली घसरू लागले.

तिसाव्या तारखेचा आकडा: दिवसाचं पाणी ५२० लिटर. त्यातली पहिली धुणी १२० लिटर, आणि ती आटवून पाहिली तर लिटरला दहा ग्रॅमच्या वर. मार्चमध्ये दोन होते! ॲसिड आता दिवसाला १९० मिली, एकच घाणा, अर्ध्या तासात चक्का वर. चक्का जाड, झाऱ्यावर उभा राहतो.

६ मे

चक्का हिरवट-पांढरा आला आणि नाकाला झोंबला. जमीन धुताना घातलेल्या ब्लीचिंग पावडरचं पाणी चुकून पहिल्या धुणीच्या ड्रमात गेलं होतं. त्यावर ॲसिड म्हणजे क्लोरीन वायू. सगळ्यांना बाहेर काढलं, ड्रम पाणी ओतून पातळ केला. कुणाला काही झालं नाही, पण नशिबाने. आता ब्लीचिंग पावडर कुलपात असते आणि ॲसिडचं काम संपून ड्रम रिकामा झाल्यावरच निघते. ड्रमाचं तोंड झाकणाने बंद, वर लाल रंगात 'पहिली धुणी' लिहिलंय.

खारवलेली मासळी धुतलेलं पाणीही यात घालू नका. एकदा घातलं तर चक्का निम्मा आला. मीठ जास्त झालं की फाटण्याचं सगळं गणितच बिघडतं.

१० मे

मेमध्ये आपल्याकडे दगडही वाळतो, असं मला वाटायचं. पिळलेला चक्का ताडपत्रीवर दोन बोटं जाड पसरला. चार तासांत वर कडक पापुद्रा, आत ओला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत अळ्या. कावळे, मांजरी आणि दोन गावांच्या माशा. शेजारचा शेतकरी पुन्हा आला, आणि या वेळी वास नाल्याचा नव्हता, माझा होता.

पुढच्या दिवशी एक बोट जाड. तेही आंबलं. सारखं उलटत बसायला माणूस नाही.

१४ मे

मावशी घरून सोऱ्या घेऊन आल्या. कुरडया घालतात तशाच घालायच्या, त्यात काय एवढं, असं म्हणाल्या. नुसता चक्का सोऱ्यातून तुटत होता. भाताचा कोंडा मिसळला, सहा किलो पिळलेल्या चक्क्याला दीड किलो. मग सुतासारख्या शेवया पडल्या. बाजेवर मच्छरदाणी ताणून, तिच्यावर शेवया आणि वरून दुसरी मच्छरदाणी. खालून वरून हवा. सकाळी नऊला घातल्या, दुपारी तीनला कडकडीत. हातात घेतल्या की मोडतात.

अंदाजे दोन किलो आठशे ग्रॅम माल, त्यात दीड किलो कोंडा. मी आतापर्यंत केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हा सोऱ्या जास्त उपयोगी पडला.

२१ मे

लॅबचा कागद आला, दोन नमुन्यांचे १,८०० रुपये. नुसता वाळवलेला चक्का: प्रथिनं ५६ टक्के, चरबी १७. कोंड्याचा माल: प्रथिनं ३२ टक्के. एक लक्षात ठेवा, लॅब नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. आंबलेल्या मालातला अमोनियाही त्यात प्रथिन म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून ताजा माल पाठवा, नाहीतर आकडा चांगला येईल आणि कोंबडी खाणार नाही.

२७ मे

ज्यांना माल द्यायचा ते गृहस्थ मूळचे धुळ्याकडचे. आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. लहान पोल्ट्री आणि थोड्या गावरान. त्यांचा पहिला प्रश्न प्रथिनांचा नव्हता. "उकाळेल शे ना? नही ते मना खुराडामा नको."

त्यांना दोष देता येत नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये या नवापुरातच सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ ला पुन्हा. इथल्या पोल्ट्रीवाल्याला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पोत्याची भीती वाटते. म्हणून चक्का तापवताना मधोमध थर्मामीटर, ८५ अंश, वीस मिनिटं, आणि वहीत वेळ लिहून त्यांना दाखवायची. चिलापीचाच चक्का पिंजऱ्यातल्या चिलापीला घालायचा विचार होता, तो याच कारणाने सोडला. एका माशाचं दुखणं त्याच जातीच्या माशाला कशाला द्या.

वीस गावरान कोंबड्यांना खाद्यात दहा टक्के घातलं. आवडीने खाल्लं. दहाव्या दिवशी जिभाऊंचा फोन: घरात आम्लेट केलं तर मासळीचा वास. मालातली चरबी खवट झाली होती.

दोन गोष्टी केल्या. ॲसिड घालण्याआधी धुवण दहा मिनिटं स्थिर ठेवून वरचा तेलकट तवंग कागदाने टिपून काढायचा. आणि माल पंधरा दिवसांवर साठवायचा नाही. प्रमाणही चार टक्क्यांवर आणलं. त्यानंतर आम्लेटची तक्रार नाही.

५ जून

कोचीहून पाणी फाडायला कायटोसॅन मागवलं होतं, पाव किलो ६५० रुपये. कोळंबीच्या टरफलातून करतात, खाद्यात गेलं तरी चिंता नाही. व्हिनेगरमध्ये एक टक्का विरघळवून घातलं. लिटरला ५० मिलिग्रॅमला पीएच ६ लाच पाणी फाटलं, म्हणजे ॲसिड वाचतं. १०० ला आणखी चांगलं. २०० ला पुन्हा गढूळ, जास्त झालं की उलटा भार चढतो, मार्चमधल्या ॲसिडसारखंच.

पण आमच्या १२० लिटरला रोज १६ ते ३१ रुपयांचं कायटोसॅन, आणि वाचणारं ॲसिड दोन-तीन रुपयांचं. ज्यांचं धुवण पातळ आहे, किंवा ज्यांना पाणी पाचपर्यंत आंबट करायचं नाही, त्यांना परवडेल. आमची पिशवी कपाटात.

लिंबूसत्वही करून पाहिलं होतं. फाटतं, पण दिवसाला अर्ध्या किलोजवळ जातं. चक्क्याचे सगळे पैसे किराणा दुकानात.

१५ जून

पाऊस. शेवया ओल्या, बुरशी. दोन दिवसांचा माल गेला.

२ जुलै

हिशेब. एकरकमी खर्च: ड्रम तीन २,७००, जाळ्या १,४५०, इलेक्ट्रोड १,१००, बिनकामाची टाकी २,८००, लॅब १,८००, ॲसिड आणि किरकोळ ६००, कायटोसॅन ६५०, लाकूड ७००. एकूण ११,८००. यातले टाकी आणि कायटोसॅन तुम्ही टाळू शकता.

रोजची आवक: २.८ किलो माल, जिभाऊ किलोला ३० देतात, ८४ रुपये. त्यातून कोंड्याचे ३०, ॲसिड-चुन्याचे आठ-नऊ. हातात पंचेचाळीस, आणि एका बाईचा दीड तास. मजुरी निघत नाही. ताईंना हे आकडे वाचून दाखवले तेव्हा शेडमध्ये कुणी बोललं नाही.

मग दुसरं पान वाचलं. जाळ्यांवर आणि टबात रोज नऊ किलो ओला ऐवज जमतो, आतडी आणि मांसाचे तुकडे. तो उकळून किलोला आठने जातो, ७२ रुपये, त्याला ना ॲसिड ना मीटर. खवले वेगळे काढावे लागतात, कोंबडीला ते पचत नाहीत. मोटार दोन तास चालायची, आता पाऊण तास. आणि शेजारी एप्रिलनंतर नाल्याबद्दल आलेला नाही. मेमध्ये आला तो वाळवणासाठी.

उरलेल्या पिवळ्या पाण्याचं काय? ते पाचवर असतं, आणि नियमाप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच साडेपाच ते नऊमध्ये हवा. म्हणून चुन्याची निवळी घालून सातवर आणतो आणि खड्ड्यातून केळीच्या आळ्यांना देतो. नाल्यात सोडत नाही. नदी-नाल्यासाठी बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) ३० ची मर्यादा आहे आणि हे पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात न फाटणारे तुकडे असतातच, मोरचूदचा जांभळा रंग अजून येतो.

बायांनी ठरवलं: चक्का चालू ठेवायचा, पण ज्या दिवशी कापायचा माल दोनशे किलोवर असेल त्याच दिवशी. कमी असेल तर नुसत्या जाळ्या.

९ जुलै

पावसाळ्यात वाळवण होत नाही म्हणून सायलेज लावलं, म्हणजे ॲसिडमध्ये मुरवून टिकवलेलं खाद्य. चक्का आणि बारीक केलेली आतडी एका ड्रमात, वजनाच्या तीन टक्के फॉर्मिक ॲसिड, रोज लाकडी दांड्याने ढवळायचं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा, फॉर्मिक कातडी भाजतं. पीएच चारच्या खाली राहिला तर सडत नाही, पातळ होत जातं. पहिल्या ड्रमात ४.३ निघाला, कारण हाडं जास्त गेली होती आणि हाडांतलं कॅल्शियम ॲसिड खातं. आणखी पाऊण टक्का घातलं, ३.८ वर आलं. वास आंबट आहे, कुजका नाही.

दुसरा ड्रम काल भरला, डोकी आणि काटे वगळून. पीएच ३.७. सोमवारी उघडून जिभाऊंना दाखवायचा. तोवर झाकणावर दगड ठेवलाय, मांजरीसाठी.